कुणकुण, चाहूल की नुसतीच पाल?

मागच्या वेळी एका उत्तरात मी जाता जाता 'आय हॅड ॲन इंकलिंग' असं लिहून गेले आणि त्याचा अर्थ सांगायचं साफ विसरले. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच शब्दावरची पत्रं घेतेय. ज्यांना शब्दच नवा आहे त्यांच्यासाठी एका दमात सांगते: इंकलिंग म्हणजे एखाद्या गोष्टीची अगदी पुसटशी कल्पना किंवा किंचितसा संशय, पक्कं काही माहीत नाही, दाखवायला पुरावा नाही, पण मनात कुठेतरी खुट्ट झालेलं असतं.

प्रश्न : ताई नमस्कार. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कॉलवर कळलं की एक क्लायंट ऐनवेळी मागे फिरला. माझ्या तोंडून निघून गेलं, 'आय हॅड अ इंकलिंग दॅट दे वुड बॅक आउट.' मला नुसतं म्हणायचं होतं की वाटलंच होतं मला. पण बॉस एकदम शांत झाले, मग म्हणाले 'व्हॉट गेव्ह यू दॅट इंकलिंग?' आणि त्यानंतर पंधरा मिनिटं एकच, माहीत होतं तर आधी का नाही बोललास. मी शब्द चुकीचा वापरला का?

उत्तर : शब्द बरोबर होता हो, फक्त 'अ' नाही, 'ॲन इंकलिंग'. पण बॉस त्यासाठी चिडले नसणार.

भानगड वेगळीच आहे. आपण मराठीत 'वाटलंच होतं मला' म्हणतो ते बहुतेक वेळा गोष्ट घडून गेल्यावर. पाऊस आला, वाटलंच होतं. पाहुणे आले नाहीत, वाटलंच होतं. खरं तर आधी काहीही वाटलेलं नसतं, तो एक सुस्कारा असतो, आणि समोरचाही तो सुस्कारा म्हणूनच घेतो, कोणी उलटतपासणी करत नाही की बाबा तुला नक्की कधी वाटलं आणि कशावरून. इंग्रजीत 'आय हॅड ॲन इंकलिंग' म्हटलं की तो सुस्कारा राहत नाही, ते जवळजवळ निवेदन होतं. त्या वेळी, म्हणजे घटना घडायच्या आधी, माझ्याकडे एक बारीकसा इशारा आला होता असं तुम्ही सांगताय. मग कुठून आला इशारा, हा प्रश्न येणारच. बॉसनी विचारलेलं वाक्यसुद्धा या शब्दाचं नेहमीचं जोडीदार वाक्य आहे, इंकलिंग कोणीतरी किंवा कशानेतरी 'दिलेली' असते.

तुम्हाला नुसता सुस्कारा टाकायचा असेल तर 'आय कान्ट से आय ॲम सरप्राइज्ड' म्हणा, म्हणजे मला आश्चर्य वाटलं नाही, बस्स, यात आधी माहीत होतं असा दावा नाही. आणि खरंच काही जाणवलं होतं असेल तर ते काय होतं तेही त्याच वाक्यात सांगून टाका, 'दे हॅड स्टॉप्ड रिप्लायिंग टू अवर मेल्स, सो आय हॅड ॲन इंकलिंग, बट नथिंग सॉलिड टू गो ऑन.' हे शेवटचं 'नथिंग टू गो ऑन' फार कामाचं आहे, म्हणजे जाणवत होतं पण हातात धरण्यासारखं काही नव्हतं. एवढं बोलला असतात तर पंधरा मिनिटांची पाच झाली असती. शून्य नसती झाली, बॉस आहेत ते.

प्रश्न : इंकलिंग हा शब्द इंक म्हणजे शाईवरून आलाय ना? कागदावर शाईचा बारीक ठिपका पडतो तशी मनात कल्पना येते म्हणून? मी मुलीला असंच समजावलं आणि आता ती शाळेत सगळ्यांना सांगत फिरतेय.

उत्तर : कल्पना इतकी छान आहे की चूक म्हणायला जीवावर येतंय. पण चूकच आहे. शाईशी याचा काही संबंध नाही.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे चौदाव्या शतकाच्या आसपासच्या इंग्रजीत, 'इंकल' असं एक क्रियापद होतं, अर्थ काय तर हळू आवाजात बोलणं, पुटपुटत एखादी गोष्ट सुचवणं. त्यावरून १४०० च्या सुमाराला इंकलिंग आला आणि तेव्हा त्याचा अर्थ होता कुजबुज, एखाद्या गोष्टीचा दबक्या आवाजातला उल्लेख. मग पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत कुजबुजीवरून इशारा, इशाऱ्यावरून पुसटशी कल्पना असा तो सरकत गेला. ते मूळ क्रियापद मेलं, लेकरू राहिलं.

आता हे वाचून तुमच्या डोक्यात जो मराठी शब्द आला तोच माझ्याही डोक्यात आला. कुणकुण! कुणकुण म्हणजे तरी काय, कानाशी होणारा बारीक आवाज, धड ऐकू येत नाही आणि धड थांबत नाही. 'तिला कुणकुण लागली' म्हणताना आपण आवाजाचा विचारसुद्धा करत नाही, पण शब्दात आवाज आहेच. दोन भाषा, एकमेकींशी या शब्दापुरती तरी काही देवाणघेवाण नाही, आणि दोघींनाही अर्धवट माहिती ही कानातूनच आली असं वाटावं, मला तर हे शाईच्या ठिपक्यापेक्षा जास्त आवडतं. मुलीला हे सांगून बघा.

शाईबद्दल मात्र तुम्ही एकट्या नाही. ऑक्सफर्डमध्ये १९३० आणि ४० च्या दशकात टॉल्किन, सी. एस. लुइस वगैरे लेखक मित्रांचा एक गट होता, आपापलं लिखाण एकमेकांना वाचून दाखवायचे आणि मग त्याची चिरफाड करायचे, त्या गटाचं नाव 'इंकलिंग्ज'. नाव मुळात एका विद्यार्थ्याच्या क्लबचं होतं, तो क्लब बंद पडल्यावर या मंडळींनी ते उचललं. आणि ते घेण्यात मजा हीच होती की एकीकडे अर्ध्याकच्च्या कल्पना डोक्यात घोळवणारे लोक आणि दुसरीकडे शाईत बोटं बुडवून बसलेले लोक, दोन्ही त्यात येतं. टॉल्किन तर भाषेचे प्राध्यापक, त्यांना खरी व्युत्पत्ती माहीत नसेल असं कसं होईल, तरी ही कोटी त्यांना आवडलीच. तेव्हा तुमच्या मुलीला म्हणावं कोटी म्हणून सांग, व्युत्पत्ती म्हणून नको.

प्रश्न : 'आय ॲम हॅविंग ॲन इंकलिंग' चालेल का?

उत्तर : नाही. 'आय हॅव ॲन इंकलिंग'. आपल्याला 'शंका येतेय', 'वाटतंय' असं चालू काळात बोलायची सवय आहे म्हणून ते आयएनजी आपोआप चिकटतं. तसंच 'स्ट्राँग इंकलिंग'पण टाळा, शब्दाचा जीवच केवढासा, त्याला 'जोरदार' कशाला लावायचं, आपणही 'जोरदार कुणकुण' म्हणत नाही. स्लाइट, फेंट, व्हेग ही विशेषणं शोभतात. आणि नकारात तर फारच, 'आय डिडन्ट हॅव द स्लाइटेस्ट इंकलिंग'.

प्रश्न : मी सबटायटल्सचं काम करते, इंग्रजीतून मराठी. एका ओळीत जेमतेम तीस-पस्तीस अक्षरं बसतात, त्यामुळे लांबण लावता येत नाही. इंकलिंग आलं की मी डोळे मिटून 'शंका' टाकते, पण परवा रिव्ह्यूअरनी तीन ठिकाणी लाल केलं आणि शेरा मारला 'दर वेळी शंका कशी?' मराठीत नेमका शब्द कोणता ते सांगा म्हणजे एकदाचं सुटेन. आणि हो, 'आय स्मेल अ रॅट'चं मी 'मला उंदराचा वास येतोय' केलं होतं, ते माझ्या आधीच कोणीतरी पकडलं, देव त्याचं भलं करो.

उत्तर : सुटका नाही, कारण नेमका एक शब्द नाहीये. इंग्रजीत एका शब्दावर भागतं तिथे आपल्याकडे अख्खं घराणं आहे आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मी स्वतः काय करते सांगते, सीनमध्ये त्या माणसाला ही कल्पना *कुठून* आली ते बघते. कानावरून आली, म्हणजे कोणाच्या तरी बोलण्यातून निसटलं, आतल्या गोटातून फुटलं, तर 'कुणकुण लागली'. ऑफिसात माणसं कमी करणार आहेत याची कुणकुण लागते. पण कुणकुण लागायला कोणीतरी बोलणारं लागतं हे लक्षात ठेवा. समजा एक बाई एकटीच घरात आहे, कोणाशी बोललेली नाही, आणि तिला वाटतंय की नवरा आज काहीतरी वाईट बातमी घेऊन येणार, तर तिला कुणकुण लागली असं लिहिलंत तर वाचणारा विचार करेल कोणाचा फोन आला हिला?

तिथे 'चाहूल' येते. चाहूल म्हणजे मुळात पावलांचा आवाज, कोणीतरी येतंय. म्हणून चाहूल नेहमी येणाऱ्या गोष्टीची लागते, बदलाची, संकटाची, हिवाळ्याची. होऊन गेलेल्या गोष्टीची चाहूल लागत नाही. 'चोरी झाल्याची चाहूल लागली' हे कानाला खटकतंच.

'सुगावा' जरा पोलिसी आहे, कोणीतरी काहीतरी लपवतंय आणि दुसरा माग काढतोय. आणि सुगावा लागला म्हणजे पुढचं जवळजवळ कळलंच, इंकलिंगपेक्षा तो एक पायरी पुढे आहे, त्यामुळे जपून.

मग आपली पाल. 'मनात शंकेची पाल चुकचुकली.' ही फक्त वाईटासाठी. पालीचं चुकचुकणं अशुभ अशी जुनी समजूत, त्यामुळे आनंदाच्या बातमीला ती चुकचुकत नाही. 'तो मला मागणी घालणार अशी पाल चुकचुकली' असं लिहिलंत तर प्रेक्षक समजून जातील की पोरगीला मुलगा पसंत नाही. इंकलिंगला असा रंग नसतो, चांगल्याचीही असते, वाईटाचीही. हा फरक मला वाटतं सगळ्यात जास्त नजरेतून सुटतो, कारण डिक्शनरीत इंकलिंगपुढे 'संशय' लिहिलेलं असतं आणि संशय म्हटला की आपल्याला लगेच काळंबेरं दिसायला लागतं.

नकारात असेल तर तुमचं काम एकदम सोपं, मराठी इथे श्रीमंत आहे. 'सुतराम कल्पना नव्हती', 'पुसटशी कल्पना नव्हती', 'गंधवार्ता नव्हती', 'थांगपत्ता लागू दिला नाही'. अक्षरं मोजा आणि बसेल ते घ्या. आणि होकारात रंगहीन, साधं काही हवं असेल तर 'अंदाज होता', किंवा त्याहून साधं, 'वाटत होतं मला'. रिव्ह्यूअरनी लाल केलेल्या तीनपैकी निदान एका ठिकाणी 'वाटत होतं मला' बसलं असतं अशी मला, काय म्हणू आता, कुणकुण आहे. (बघा, नाही बसत. मला कोणी काही बोललेलं नाही. 'अंदाज आहे'.)

एक धोक्याची सूचना. 'स्लाइट सस्पिशन'चं घाईघाईत संस्कृत करायला जाऊ नका, लघु अधिक शंका, पुढचं तुम्हीच बघा.

उंदराचं म्हणाल तर इंग्रजीत तो सोळाव्या शतकापासून वास मारतोय. काहीतरी फसवणूक चाललीय असं वाटणं, एवढाच अर्थ. आपल्याकडे त्याच जागी 'कुठेतरी पाणी मुरतंय' किंवा 'काहीतरी काळंबेरं आहे'. उलट्या बाजूने कोणी 'पाणी मुरतंय'चं शब्दशः इंग्रजी केलं तर ते लोक प्लंबर बोलावतील, तेव्हा तुमच्या उंदराचं एवढं मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : ताई, मी मेलमध्ये लिहिलं 'आय डाउट द फाइल इज करप्ट'. फाइल उघडताना विचित्र चिन्हं दिसत होती म्हणून सहकाऱ्याला सावध करायला लिहिलं. ती दुसऱ्या देशात बसते. तिने 'ग्रेट, थँक्स!' असं उत्तर दिलं आणि तीच फाइल पुढे सगळ्यांना पाठवून दिली. मी सांगूनही तिने असं का केलं? आता दोष माझ्यावर आलाय.

उत्तर : अरे देवा. दोष तुमचाच आहे, पण तुमच्या एकट्याचा नाही, आपल्या 'शंका' या शब्दाचा आहे.

मराठीत 'मला शंका आहे' हे दोन्हीकडे चालतं. 'फाइल बिघडली असावी अशी मला शंका आहे' म्हणजे बिघडलीय असं वाटतं. 'तो येईल का याची मला शंकाच आहे' म्हणजे येणार नाही असं वाटतं. आपण 'अशी' आणि 'याची' वरून, सुरावरून बरोबर ओळखतो, कधीच गोंधळत नाही. पण शाळेत शंका म्हणजे डाउट असं एकदा वहीत लिहून घेतलं की दोन्हींना डाउटच लागतं, आणि इंग्रजीत डाउट एकाच बाजूला झुकतो, नकाराच्या. 'आय डाउट द फाइल इज करप्ट' म्हणजे फाइल खराब असेल असं मला *वाटत नाही*. तिने वाचलं की तुम्ही फाइल तपासली आणि ठीक आहे म्हणालात. ती खूश झाली, पाठवून मोकळी झाली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

तुम्हाला हवं होतं 'आय सस्पेक्ट द फाइल इज करप्ट'. किंवा आजचा आपला पाहुणा शब्द, पण मेलमध्ये इंकलिंग नको, विचित्र चिन्हं डोळ्यांना दिसतायत म्हणजे ती इंकलिंगच्या पुढची पायरी झाली.

हे दोन शब्द लक्षात कसे ठेवायचे, तर मुळाशी जा. डाउट ज्या लॅटिन शब्दावरून आलाय त्यात 'दोन' दडलेले आहेत, दोन वाटा, मन कुठे जावं ते ठरत नाही. आपला 'द्विधा' आठवा, अगदी तोच. आणि सस्पेक्टच्या मुळात 'बघणं' आहे, खालून वर, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणं. म्हणजे डाउटमध्ये माणूस फाट्यावर थांबलेला आणि सस्पेक्टमध्ये त्याची नजर आधीच एका बाजूला वळलेली. तुमची नजर वळलेली होती, चिन्हांकडे.

आणि थोडा दिलासा, स्कॉटलंडमध्ये मात्र तुमचं वाक्य पास झालं असतं. स्कॉटिश बोलीत 'आय डाउट इट विल रेन' म्हणजे पाऊस येणार असं दिसतंय. सहकारी तिथली असती तर वाचला असतात.

माझीही एक गोष्ट सांगते म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. फार वर्षांपूर्वी एका ऑनलाइन क्लासमध्ये शिकवणं संपल्यावर मी हात वर करून म्हटलं 'मॅम, आय हॅव अ डाउट'. मला एक साधी गोष्ट विचारायची होती. बाईंचा चेहरा असा झाला की मी त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवलंय, आणि त्या अतिशय थंडपणे म्हणाल्या, 'व्हिच पार्ट डोन्ट यू बिलीव्ह?' मला वाटलं माझा आवाज पोचला नाही म्हणून मी तेच आणखी जोरात म्हटलं. तिथे 'क्वेश्चन' म्हणायचं असतं हे मला पुढच्या क्लासला कळलं, तेही दुसऱ्या एका मुलाने तीच माती खाल्ली तेव्हा.

प्रश्न : हंच, गट फीलिंग, इंकलिंग, सगळं एकच ना? उगाच फरक काढत बसायचं का?

उत्तर : बोलताना कोणी फरक काढत बसत नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून. गट फीलिंग आतून येतं, पोटातून, त्याला कारण विचारायचंच नसतं. हंचचं मूळ मजेशीर आहे, हंच म्हणजे आधी ढकलणं, ढोसणं. कोपराने ढोसून कोणी इशारा करतं ना, तसं अमेरिकेत त्याला 'टिप' असा अर्थ आला आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ढोसणारा माणूस गायब झाला, आतूनच ढोसलं जायला लागलं. त्यामुळे हंचवर माणूस काहीतरी *करतो*, पैज लावतो, रस्ता बदलतो, 'आय ॲक्टेड ऑन अ हंच'. इंकलिंगवर कोणी काही करत नाही. ती नुसती असते. पहिल्या पत्रातल्या बॉसचं दुखणंही कदाचित तेच होतं.

प्रश्न : 'आय डोन्ट हॅव अ क्लू' हे 'सुतराम कल्पना नाही'साठी बरोबर आहे का? आणि सुतराममध्ये राम कुठून आला, हाही प्रश्न आहे, घरात यावरून पैज लागलीय.

उत्तर : बरोबर आहे, जरा घरगुती आहे एवढंच, मोठ्या साहेबांना लिहिताना 'आय हॅव नो आयडिया' बरं.

सुतराममध्ये रामही नाही आणि सूतही नाही. तो संस्कृतातला 'सुतराम्', सु ला तराम् लागलंय, म्हणजे फार, अतिशय. मराठीत येऊन तो फक्त नकाराबरोबर राहायला लागला आणि मुळीच या अर्थाचा झाला, 'सुतराम कल्पना आहे' असं कोणी म्हणताना ऐकलंय? पैज कोण जिंकलं कळवा.

पण गंमत अशी की तुम्ही ज्याच्यात सूत शोधत होतात त्याच्यात नाही आणि शेजारच्या शब्दात आहे. क्लू! क्लूचं जुनं स्पेलिंग वेगळं होतं आणि अर्थ होता सुताचा गुंडा. ग्रीक पुराणात थीसियस नावाचा वीर चक्रव्यूहासारख्या भुलभुलैयात शिरतो, आत अर्धा बैल अर्धा माणूस असा राक्षस असतो, त्याला मारणं एकवेळ जमेल पण बाहेर कसं यायचं, म्हणून ॲरिॲड्नी त्याला सुताचा गुंडा देते, तो दाराशी बांधून सोडत सोडत आत जातो आणि त्याच सुताला धरून परत येतो. या गोष्टीमुळे सुताचा गुंडा म्हणजे वाट दाखवणारी खूण, असं करत सतराव्या शतकात क्लूला आजचा अर्थ आला. आणि आपल्या बातम्यांत काय असतं? 'पोलिसांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे.' अगदी तेच सूत. फक्त आपण त्याच सुतावरून कधीकधी स्वर्गही गाठतो, थीसियस बिचारा दारापर्यंतच आला.

प्रश्न : माझी बहीण माझ्यासाठी गुपचूप सरप्राइज पार्टी ठरवतेय. तिच्या नवऱ्याच्या तोंडून फोनवर हॉलचं बुकिंग असं काहीतरी निसटलं आणि मग तो जो काही सारवासारव करायला लागला त्यावरून मला सगळं कळलं. मैत्रिणीला इंग्रजीत सांगताना 'आय हॅव ॲन इंकलिंग' म्हणू की दुसरं काही? नाव छापू नका प्लीज.

उत्तर : हॉलचं नुसतं नाव निसटलं तेव्हा इंकलिंग होती. सारवासारव ऐकल्यावर ती संपली. आता 'आय गॉट विंड ऑफ इट' म्हणा. वाऱ्यावरून वास लागणं, जनावराला लांबच्या शिकाऱ्याचा लागतो तसा. आपली 'गंधवार्ता' आठवतेय ना वरची, तिच्यातही वासच आहे, फक्त ती आपल्याकडे नकारातच वापरतात, लागलीच तर कुणकुण लागते. आणि तुमच्या बाबतीत कुणकुण हा शब्द शंभर टक्के बसतो, कान होता, फोन होता, बोलणारा मेहुणा होता.

नाव छापलेलं नाही. पण 'बहिणीचा नवरा फोनवर बोलून बसला' एवढं तर छापून आलंच, आणि तुमची बहीण हे सदर वाचत असेल तर तिला आता इंकलिंग नाही, थेट पुरावाच मिळाला. पार्टीच्या दिवशी दार उघडताना तोंडाचा आ मात्र नीट वासा.